जमिनीवर आखलेला नकाशा

गावठाण वाढवायचं ठरलं, तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीत आनंद झाला. एका खोलीत आम्ही सात जण राहत होतो. मी नुकतीच शाळेवर शिक्षिका लागले होते, म्हणून माय मला नकाशा वाचायला पंचायतीत घेऊन गेली.

नवे प्लॉट ओढ्याकाठच्या सखल गायरानात दाखवले होते. वरचा माळही गायरानच, पण तिथं सरपंचाच्या भावकीची ज्वारी उभी होती.

माय म्हणाली, "तितं पाणी चढतं, भाऊसाहेब."

"हरकत घेतली तर मंजुरी लांबंल," ग्रामसेवक म्हणाले. "मिळायलंय ते घ्या."

वस्तीतही तेच ऐकावं लागलं. शेजारची काकू मायला म्हणाली, "तुझ्यापायी आमचं घर जाईल." घरी येऊन माय मला म्हणाली, "लिही अर्ज, माळावर जागा द्या म्हणून."

अर्ज घेऊन ती धनगरवस्तीवर मेंढरं राखणाऱ्या मामांकडं गेली; सगळं गाव त्यांना मामाच म्हणायचं. गायरान जाणार म्हणून ते आमच्यावर नाराज होते. मी अर्ज वाचला. त्यात मेंढरांना ओढ्यावर जायला वाट ठेवा, असंही मायनं लिहायला लावलं होतं. मामांनी तो पुन्हा वाचायला सांगितला आणि मायच्या अंगठ्याखाली आपला उठवला.

ग्रामसभेत आम्ही बाया नेहमीप्रमाणे पाराखाली बसलो होतो. ग्रामसेवकांनी प्लॉटचे नंबर भराभर वाचले. माय उभी राहिली.

"आमाला कागद कळत न्हाई. जमिनीवर आखून दाखवा."

काही जण हसले. पण मामांनी तेच म्हटलं, मग त्यांच्या भावकीनं, मग आमच्या वस्तीनं. सरपंचांना नाही म्हणता येईना.

दोन दिवसांनी पटवाऱ्यानं पांढऱ्या फक्कीनं रेघा ओढल्या. सगळं गाव पाहायला आलं. आखलेल्या प्लॉटमधल्या एका बाभळीला मागच्या पुराचा पाला-काडी अडकून वाळली होती. मामा तिथं जाऊन उभे राहिले. पाला त्यांच्या छातीला लागत होता.

"इतं लेकरं निजवायची का?" त्यांनी विचारलं.

पुन्हा सभा भरली, हात वर झाले आणि प्लॉट माळावर नेण्याचा ठराव झाला. तो मोठ्यानं वाचून दाखवल्याशिवाय माय उठली नाही.

मंजुरीला दोन वर्षं लागली. तेवढे दिवस काकू आमच्याशी बोलली नाही. त्या खोलीत आमचेही हाल झाले, आणि मीच एकदा मायवर चिडले. ती म्हणाली, "घर एकदाच बांधायचं हाय, पोरी."

माळावर आमचा पाया खोदायला घेतला, तेव्हा पहिल्या दिवशी काकू टोपलं घेऊन आली. पदर खोचून माती उचलायला लागली.