धामणीच्या पोटातले जंत

पन्नासच्या दशकात मी कोल्हापूरला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकत होते. आम्ही हुपरीकडचे जैन शेतकरी. आपल्या मुलीनं बेडूक चिरायचे, हे घरात कुणालाच रुचलेलं नव्हतं. वडील अडवत नसत, पण त्या विषयावर बोलतही नसत.

एका सकाळी ते प्रयोगशाळेच्या दारात उभे. हातात पोतं. ऊसतोडीत गड्यांनी धामण मारली होती.

"मी पोचायच्या आधीच मारली की," ते म्हणाले. "आता गेलीच हाय, तर तुझ्या शिक्षणाला तरी हुईल."

पोत्यात काय आहे हे एसटीत त्यांनी कुणाला कळू दिलं नव्हतं.

सरांनी त्यांना आत घेतलं, स्टूल दिलं. मी धामण चिरली. आतडं उघडलं, तर आतल्या अस्तराला पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यांसारखे जंत चिकटलेले. काही वळवळत होते.

वडील पुढे वाकले. "जित्ती हाईत व्हय ही?"

"हो. गोलकृमी आहेत," सर म्हणाले. "सापाच्या आतड्यात राहतात, त्याच्याच जिवावर जगतात. गरम स्पिरिटात टाकले की ताठ होतात, मग नीट बघता येतात."

"आन न्हाय टाकली तर?"

"तरी मरतीलच. साप गेला, आता यांना थारा कुठला?"

वडील पुन्हा जंतांकडे वाकले. आता हे मला घरी चल म्हणणार, असं मला वाटलं. पण ते म्हणाले, "मग घाई कशाला? हाईत तवर नीट बघ की."

सरांची परवानगी घेऊन मी ते जंत मिठाच्या पाण्यात ठेवले आणि एक सूक्ष्मदर्शकाखाली धरला. तोवर जंत म्हणजे मला फक्त किळस आणि एरंडेल माहीत. इथं काचेसारख्या अंगातून आतडं दिसत होतं, मादीच्या पोटातली अंडी दिसत होती. आपण मेलेला साप चिरतो आहोत असं मी समजत होते. त्याच्या आत अजून कुणाचं तरी जगणं चालूच होतं.

वडिलांनीही डोळा लावला. "आरं, ह्याला तोंड बी हाय!" ते एवढ्या मोठ्यानं ओरडले की शेजारच्या वर्गातले डोकावले.

दुसऱ्या दिवशी जंत निपचित पडले. मग मी ते स्पिरिटात ठेवले.

पुढे मी कृमींवरच काम केलं. गावी गेले, की वडील पाय धुवायच्या आधीच विचारत, "आता कुणाच्या पोटातली बघतीस?" आणि सगळं ऐकून घेत.