मण्याराची कोरी मान

माझ्या ताईला तुटलेली नक्षी बघवत नाही. आमच्या स्वयंपाकघरात नळदुरुस्तीच्या वेळी दोन फरश्या फुटल्या आणि गवंड्याने त्या जागी साध्या पांढऱ्या बसवून दिल्या. दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले, तर ही बाई गुडघे टेकून त्या दोन फरश्यांवर रंगाने फुलं काढत बसलेली. बाकीच्या फरश्यांवरची फुलं तीस वर्षांत झिजली होती, म्हणून हिने नवी फुलंही तेवढीच झिजलेली काढली. पाहुण्यांना अजून फरक कळत नाही. मला कळतो, कारण त्या दिवशी स्वयंपाक मला करावा लागला.

ताई अठरा वर्षं कापडाच्या गिरणीत छापाच्या नक्षी काढायची. तिथला पहिला धडा असा, की ठाण कुठेही कापलं तरी नक्षी पुढे चालू राहिली पाहिजे. चार पट्टे ठरले की पाचवा कसा असेल हे विचारायचं कारण नाही. गिरणी बंद पडली तेव्हा ती पंचेचाळिशीला आली होती. प्राणिशास्त्राच्या संग्रहालयात चित्रकाराची जागा निघाली आणि ती तिकडे गेली. मागच्या अंगाची एक खोली, उत्तरेची खिडकी, भिंतभर कपाटं, कपाटांत स्पिरिटच्या बरण्या आणि बरण्यांत साप. दवाखान्यातल्या बायका मला विचारायच्या, तुझ्या बहिणीला भीती नाही का वाटत? मी म्हणायचे, सापांना विचारा.

भीती सोडाच, तिला वेडच लागलं. मी दिवसभर दवाखान्यात ड्रेसिंग करून दमून यावं आणि हिने ताट पुढ्यात येताच सुरू करावं. कवड्या म्हणे बिनविषारी असून विषारी मण्याराचे कपडे घालून फिरतो, म्हणजे खाणारे बिचकतात. "पण नक्कल कच्ची आहे गं," ती म्हणायची. "मण्याराचे पट्टे कसे पातळ, जोडीजोडीने. कवड्याचे मानेकडे रुंद आणि शेपटीकडे विरत गेलेले. गिरणीत असता तर कवड्याला साहेबांनी परत पाठवला असता."

"जेवताना तरी साप नको," मी म्हणायचे, आणि ती भाताचा एक घास खाऊन पुन्हा सुरू करायची.

मग तो तक्ता निघाला. 'साप ओळखा.' बारा साप, त्यातले चार विषारी, लाल चौकटीत. सगळी चित्रं ताईची. तीन तज्ज्ञांनी पाहून सह्या केल्या आणि दवाखाने, शाळा, गोदामं अशा एकशे सहा जागी तो लागला. माझ्या टेबलाच्या वरही होता. ती चित्रं माझ्या बहिणीची आहेत हे मी कोणालाही न विचारता सांगायचे. तिच्यासमोर मात्र म्हणायचे, रंग जरा भडकच झालेत.

एका दुपारी मी तिचा विसरलेला चष्मा द्यायला संग्रहालयात गेले होते. साप पकडणारा माणूस प्लॅस्टिकच्या बरणीत एक मण्यार घेऊन आला होता. जिवंत. काळा, निळसर चकाकणारा. ताईने चष्मा लावला, बरणीजवळ वाकली आणि तशीच राहिली.

"याचे मानेवरचे पट्टे कुठे गेले?" तिने विचारलं.

"जायला होते कधी?" तो म्हणाला. "बाई, मण्याराची पुढची हातभर जागा बहुतेक वेळा कोरीच. पट्टे मागून सुरू. तेच तर बघायचं असतं."

ताई कपाटाकडे गेली आणि तिने जुनी बरणी काढली, जिच्यावरून तिने मण्यार काढला होता. साप त्यात डोकं खाली करून भरलेला होता. डोकं आणि मान वेटोळ्याच्या आत दबलेली. झाकण मेणाने बंद, उघडायची परवानगी नव्हती. जेवढं दिसलं तेवढं तिने एकेक खवला मोजून काढलं होतं. जे दिसलं नाही, तिथे तिचा हात गिरणीत गेला होता. पट्टे सरळ मानेपर्यंत नेऊन तिने नक्षी पुरी केली होती. तज्ज्ञांनीही नेटकं चित्र बघून सही ठोकली.

"काळ्या मानेचा साप दिसला की लोक काय म्हणतील?" ती मला म्हणाली. "तक्त्यातला हा नव्हे, म्हणतील. हात घालतील."

तो तक्ता दाखवून, साप चावलेल्या तिघांना मी स्वतः 'हा विषारी नव्हे' म्हणून घरी पाठवलं होतं. दुसऱ्या दिवशी रजिस्टरमधून पत्ते काढून तिघांच्याही दारात गेले. तिघंही ठणठणीत होते. त्यांतल्या एका म्हातारीने तर दवाखान्याची बाई घरी आली म्हणून माझ्याकडून फुकटात रक्तदाब तपासून घेतला. मी जिन्यात बसून थोडी रडले आणि मग कामावर गेले.

ताई संग्रहालयाच्या साहेबांकडे गेली. ते म्हणाले, पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करू.

"साप पुढच्या आवृत्तीपर्यंत थांबणारेत का?" ताईने विचारलं.

साहेब म्हणाले, पत्र काढतो. पत्र निघालं की नाही देव जाणे. माझ्या दवाखान्यात तरी आलं नाही. ताईने रजा टाकली, काळ्या तेलरंगाचा एक लहान डबा घेतला, एक बारीक कुंचला आणि एकशे सहा पत्त्यांची यादी. पहिला तक्ता माझ्या टेबलावरचा. खुर्चीवर चढून तिने मण्याराच्या मानेवरचे नऊ पट्टे काळे केले आणि रंग वाळेपर्यंत खाली उतरलीच नाही.

पुढचे सात आठवडे आमच्या घराला घरपण नव्हतं. तिच्या पायाला भिंगरी लागली होती. चहा अर्धा टाकून उठायची, बसमध्ये जागा असली तरी उभी राहायची. सुट्टीच्या दिवशी माझी स्कूटर आणि मी तिच्या दिमतीला. शाळेचे शिपाई आत सोडत नसत. एका शिपायाने सरकारी तक्ता खराब करते म्हणून तिला पोलिसांची धमकी दिली. तिने त्याला तिथेच बसवून मण्यार आणि कवड्या यांवर अर्धा तास ऐकवलं. शेवटी बिचाऱ्याने स्वतःच खुर्ची धरली. मी चिडायचे. "तुझ्या नऊ पट्ट्यांपायी माझी कंबर गेली," मी म्हणायचे. ती हसायची नाही. रोज सकाळी पेपर आला की ती आधी आतल्या पानावरच्या बारीक बातम्या वाचायची, सर्पदंशाच्या. तशी बातमी नसली तर मगच आंघोळीला जायची.

एकशे सहावं नाव बियाण्यांच्या एका गोदामाचं होतं, गावाबाहेर. आम्ही दुपारी बाराच्या सुमारास पोचलो. दारातच एक हमाल गोणीला टेकून बसला होता. काडीसारखा माणूस, आणि बाकीचे त्याला पैलवान म्हणत होते.

"पैलवानाला आज झोप आवरत नाहीये," त्याचा मेहुणा म्हणाला. तोही तिथेच हमाली करायचा. "सकाळपासून पेंगतोय."

ताई तक्ता कुठे आहे विचारत आत निघाली. मी मात्र थांबले. पैलवान पेंगत नव्हता. तो डोळे उघडायचा प्रयत्न करत होता आणि पापण्या वर जात नव्हत्या. मी त्याला थुंकी गिळायला सांगितलं. ती त्याला गिळता येईना.

"काही चावलं का?"

"सकाळी," तो जड जिभेने म्हणाला. "गोणीखाली. दुखलं नाही. साप काळा होता... तक्त्यावर बघितलं ना. मान कोरी. तो नव्हता."

मी ताईकडे बघितलं नाही. बघायला वेळही नव्हता. मेहुण्याने टेम्पो काढला, मी पैलवानाला कुशीवर आडवं करून त्याची हनुवटी धरली, ताई त्याचे पाय मांडीवर घेऊन बसली. मोठ्या इस्पितळात पोचेपर्यंत त्याचा श्वास उथळ झाला होता. प्रतिविष दिलं, घशात नळी घातली, यंत्र लावलं. डॉक्टर म्हणाले, अजून अर्धा तास उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं.

तो तेरा दिवस तिथे होता, आणि ते तेरा दिवस ताई बाहेरच्या बाकावर. नातेवाइकांना वाटलं ही कोणी देवमाणूस आहे. मी डबा न्यायचे, ती तसाच परत द्यायची. बाकाच्या पाठीला आडव्या पट्ट्या होत्या आणि मधली एक निघालेली होती. एरवी तिने त्याच्यावरून घर डोक्यावर घेतलं असतं. तिचं तिकडे लक्षही नव्हतं.

चौदाव्या दिवशी त्याला साध्या वॉर्डात आणलं. आम्ही दोघी आत गेलो. त्याने हात जोडले. "बाई, तुम्ही दोघी आलात म्हणून मी आहे," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला.

"हात जोडू नका," ताई म्हणाली. "ते चित्र मी काढलंय. मान कोरी असते हे मला माहीत नव्हतं. मी आपल्या मनाने पट्टे काढले. तुमच्यावर ही वेळ माझ्यामुळे आली."

पैलवान तिच्याकडे बघत राहिला. मला वाटलं, आता हा ओरडेल. खरं सांगायचं तर मला वाटत होतं त्याने ओरडावं, म्हणजे तिला एकदाचं रडता येईल. तो ओरडला नाही. त्याने नळी काढलेल्या जागी, मानेवरच्या पट्टीला हात लावला आणि विचारलं, "मग ते पुसलंत ना आता?"

"तुमच्या गोदामातलं नाही," ताई म्हणाली.

त्या दिवशीच्या धांदलीत ते राहून गेलं होतं. एकशे पाच तक्ते काळे केले आणि जिथे माणसाला साप चावला तिथला तसाच.

"माझा मेहुणा आज गोण्या हलवतोय तिथे," पैलवान म्हणाला, आणि अंगावरची चादर बाजूला सारून उठायला लागला. त्याला सिस्टरने धरलं. मेहुण्याचा फोन लागत नव्हता. ताई तोवर जिन्यात होती.

स्कूटर मी कधी इतकी जोरात चालवली नाही. मेहुणा गोदामाच्या आत गोणीवर गोणी रचत होता, सुखरूप. आम्हाला बघून त्याला वाटलं, पैलवानाचं काही बरंवाईट झालं. त्याने हातातली गोणी तिथेच टाकली. मी त्याला सांगेपर्यंत ताई स्टुलावर चढली होती. स्कूटरच्या डिकीत पडून राहिलेल्या रंगाच्या डब्याचं झाकण घट्ट बसलं होतं. ते तिने दातांनी उघडलं.

पहिले आठ पट्टे तिने एका दमात पुसले. नवव्याशी तिचा हात इतका थरथरायला लागला, की काळा रंग खाली कवड्याच्या मानेवर जाईल अशी मला भीती वाटली. मी स्टुलावर एक पाय ठेवून वर झाले आणि तिचं मनगट धरलं. तो पट्टा आम्ही दोघींनी मिळून पुसला. मग ती तिथेच, स्टुलावर उभ्याउभ्या रडली. मेहुणा खालून विचारत होता, झालं का बाई, हात घालू का गोण्यांत?

"काठीने आधी हलवा," ताई डोळे पुसत म्हणाली. "प्रत्येक गोणी."