आजन्म हमीची दुर्बीण

इल्मा राउतिओ चिडून बोलत असली की आम्हाला काळजी नसायची. ती गप्प झाली की मात्र गॅरेजातली माणसं आपापल्या ट्रकखाली शिरायची. त्या नोव्हेंबरात ती गप्प झाली.

आम्ही दोघं काउंटीच्या रस्तेखात्यात. हिवाळाभर ती बर्फ ढकलणारा ट्रक चालवायची आणि तिने मोडून आणलेलं मी दुरुस्त करायचो. सुपीरियर सरोवरावरून बर्फ यायला लागला की आमच्याकडे कुंपणं दिसेनाशी होतात, पण शाळेच्या बस निघायच्या आत इल्माचा ट्रक फिरून आलेला असायचा. नवरा वेंडेल कंबरेच्या दुखण्याने घरी बसलेला. नोव्हेंबरात मारलेलं हरीण हेच त्यांचं हिवाळ्याचं मांस. तिच्या वडिलांचा एक नियम होता: एका गोळीत जनावर पडेल अशी खात्री नसेल तर चापावर बोट ठेवायचं नाही. इल्मा हा नियम कुणाला ऐकवत बसायची नाही, पण तिने मारलेल्या हरणांपेक्षा सोडून दिलेली हरणं जास्त होती, हे मी कॅम्पवर, म्हणजे जंगलातल्या शिकारीच्या खोपटावर, तिच्याबरोबर इतकी वर्षं जात असल्यामुळे सांगू शकतो.

रायफल वडिलांचीच. तिच्यावरची जुनी दुर्बीण एकदा बाकावरून घसरून फुटली, म्हणून इल्मा गॉर्डन लाह्तीकडे गेली. गॉर्डन म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा, कॅरलचा नवरा. गावात त्याचं खिळे-मोळे, रंग, गळाची आमिषं आणि बंदुकांचं दुकान आहे.

"महागडी दाखवू नकोस," ती म्हणाली, "आणि कचराही दाखवू नकोस."

गॉर्डनने काउंटरखालून एक खोकं काढलं. "ही घे. काच बरी आहे, दर झेपण्यासारखा आहे, आणि आजन्म हमी! ट्रकखाली आली तरी बदलून देतात."

"आजन्म म्हणजे?"

"आजन्म म्हणजे आजन्म गं! वाचता येतं ना तुला?"

कंपनीचं नाव मी सांगत नाही. त्याने स्वतःच्या हाताने कड्या आवळून ती दुर्बीण रायफलीवर बसवून दिली.

पहिला हंगाम बरा गेला. दुसऱ्या वर्षी, शिकार सुरू होते त्या नोव्हेंबरच्या पंधरा तारखेच्या सकाळी, सीडरच्या झाडांच्या दलदलीच्या कडेला एक नर हरीण तिच्यासमोर आडवा उभा राहिला. जवळच होता. वारा नव्हता. रायफल फांदीवर टेकलेली. दुर्बिणीतली नेमाची फुली त्याच्या खांद्यामागे स्थिर आणि तिने चाप ओढला. मी टेकडीच्या अलीकडे होतो. गोळीचा आवाज ऐकून मी मनात म्हटलं, झालं इल्माचं काम.

गेलो तर ती उभी होती आणि बर्फावर हिरवट काळं रक्त होतं. शिकाऱ्याला यापुढे काही सांगावं लागत नाही. गोळी पोटात लागली होती.

"मी हलले नाही," ती म्हणाली. "रायमंड, मी हलले नाही."

आम्ही थोडं थांबलो आणि मग माग धरला. दिवसभर. तो दलदलीत शिरला होता, जिथे पाण्यावर बर्फाची पातळ साय धरते आणि बूट भरतात. दोनदा तो बसलेला आम्हाला कळला, कारण बसल्या जागी बर्फ वितळून लाल झाला होता. दोनदा आमची चाहूल लागून उठला. दुपारनंतर बर्फ सुरू झाला आणि माग पुसला गेला. तरी ती वाकून चालत राहिली. शेवटी मी तिचं जाकीट धरून तिला मागे ओढलं.

दुसऱ्या सकाळी तिने पुठ्ठ्याचं खोकं ओंडक्यावर ठेवलं आणि टेकून गोळ्या झाडल्या. एक वीतभर उजवीकडे. एक खाली. एक मधोमध. पुढची पुठ्ठ्यालाच लागली नाही. दुर्बिणीच्या आतलं काहीतरी सैल झालं होतं आणि प्रत्येक धक्क्याला फुली आपल्या मर्जीने सरकत होती. इल्माने रायफल म्यानात घातली, डब्यातली मांस भरलेली पास्टी न खाता टेबलावर तशीच ठेवली आणि घरी निघून गेली. तिच्यासाठी हंगाम संपला.

गॉर्डन म्हणाला, "कड्या सैल झाल्या असतील."

"कड्या तू बसवल्यास, गॉर्डन."

"मग पाठवू ना कंपनीला! चिडतेस काय? हमी आहे."

पाठवली. सगळा हिवाळा गेला. रस्त्याकडेचे बर्फाचे ढीग काळे पडायला लागले तेव्हा ती परत आली. दोष आढळला नाही म्हणे. सोबत काच पुसायला एक मऊ फडकं, भेट म्हणून.

गॅरेजातल्या फोनवरून तिने कंपनीला फोन लावला. आम्ही जेवत होतो, म्हणून सगळ्यांनी ऐकलं. पलीकडचा मुलगा गोड आवाजात समजावत होता की आजन्म म्हणजे ग्राहकाचा जन्म नव्हे, वस्तूचा. ते मॉडेल नव्या मालकांनी बंद केलंय, तेव्हा त्याचा जन्म संपला.

"म्हणजे तुम्हीच तिला मारलंत," इल्मा म्हणाली, "आणि आता म्हणता, मेली, आम्ही काय करणार."

"मॅडम, तुम्हाला नव्या मॉडेलवर सूट देता येईल."

"मी एक जिवंत जनावर दलदलीत सडायला सोडलं, पोरा. त्याच्यावर काय सूट देतोस?"

तिने फोन ठेवला. आपटला नाही. त्यामुळेच आम्ही कुणी तिच्याकडे बघितलं नाही.

उन्हाळ्यात तिने नवी दुर्बीण शोधायला घेतली. मोठ्या गावातल्या दुकानात जाऊन परवडण्यासारख्या तीन निवडल्या. दिव्यांच्या झगमगाटात सगळ्याच छान दिसतात, म्हणून विक्रेत्याला घेऊन मागच्या अंधाऱ्या गोदामात गेली आणि कोपऱ्यातल्या खोक्यांवरची अक्षरं वाचून पाहिली. तो बिचारा किती पट मोठं दिसतं ते सांगत होता. ती म्हणाली, "हरीण मला दिसतं रे. गोळी कुठे जाईल ते सांग."

काहीच न घेता परत आली आणि दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिन्ही कंपन्यांना फोन लावले.

"विकत घेण्याआधीच तक्रार?" मी विचारलं.

"लग्नाआधी सासू बघावी," ती म्हणाली. "नंतर बघून काय उपयोग?"

पहिल्या कंपनीने संगीत ऐकवलं. आमची जेवणं संपली तरी तेच चालू होतं. दुसरीकडच्या माणसाने पावती आहे का विचारलं, पहिल्या मालक तुम्हीच का विचारलं, दुकान आमच्या यादीत आहे का विचारलं. इल्मा म्हणाली, "मी अजून घेतलीच नाही, आणि मी चोर असल्यासारखं बोलताय."

तिसरीकडे एका बाईने पहिल्याच घंटेला फोन उचलला. डोलोरेस तिचं नाव. म्हणाली, "बिघडली तर पाठवून द्या. पावती नको. कुणाची होती तेही नको. दुरुस्त झाली तर ठीक, नाहीतर दुसरी देतो."

"आणि तुमची कंपनी उद्या कुणी विकत घेतली तर?"

"तर मीही नोकरी शोधत फिरेन, बाई. उद्याचं मला माहीत नाही. आज तरी हे खरं आहे."

इल्माने आमच्याकडे बघून मान हलवली. या कंपनीची काच दुसऱ्या कंपनीपेक्षा जरा पिवळट होती, संधिप्रकाशात थोडी कमी पडणारी. तिने तीच घेतली. "अंधार पडला की घरी येईन," म्हणाली. "फोन न उचलणाऱ्याचं मी काय करू?"

नेम जुळवायला आम्ही खडीच्या जुन्या खाणीत गेलो, तेव्हा इल्माच्या शेजारचा आयनो पेल्कोला त्याची कुत्री घेऊन फिरायला आला होता. आयनो म्हणजे आमच्या भागातला जुना लाकूडतोड्या, आता बायकोही नाही. शिकारीचं बोलणं निघालं की तासन् तास हलायचा नाही असा माणूस. त्या दिवशी तो लांबूनच हात हलवून निघाला.

"अरे आयनो, ये ना! दोन गोळ्या झाड," इल्मा ओरडली.

"नको गं. सोडलं मी ते."

"सोडलं म्हणजे?"

"नेम गेला माझा." तो जमिनीकडे बघून बोलत होता. "गेल्या साली नाही गेलो, त्याच्या आदल्या सालीही नाही. डोळा गेला, हातही थरथरतो. एक मादी जखमी केली मी, इल्मा. सापडली नाही. म्हटलं, आता बास. असल्या म्हाताऱ्याने बंदूक धरू नये."

इल्माचा चेहरा मला दिसत होता. "तुझ्या रायफलीवर दुर्बीण कुठली आहे?"

"गॉर्डनने दिलेली. चांगली आहे गं ती. दोष माझाच."

तिने आपली रायफल त्याच्या हातात दिली. तो नको नको म्हणत होता. तिने त्याला खांद्याला धरून बाकावर बसवलंच. हात थरथरत होता, ते खरंच होतं. पण बाकावरच्या वाळूच्या पोत्यावर टेकल्यावर शांत झाला. त्याने सावकाश गोळ्या झाडल्या. मी पुठ्ठा आणायला गेलो तर सगळी भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली जातील अशी.

मग तिने त्याला घरी नेऊन त्याची रायफल आणवली. तोच माणूस, तेच बाक, तेच पोतं. गोळ्या चहूकडे गेल्या.

आयनो किती तरी वेळ पुठ्ठ्यांकडे बघत राहिला. एक, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. खूश होईल असं मला वाटलं होतं. पण त्याचे कान लाल झाले.

"घरात बसून राहिलो मी," तो म्हणाला. "पोरं म्हणाली कॅम्प विकून टाकू. विकणार होतो."

इल्मा ट्रकमागे गेली आणि तिने चाकाला लाथ घातली. बुटाच्या आत अंगठ्याचं नख गेलं तिचं, नंतर समजलं.

ऑगस्टअखेर गॉर्डनच्या दुकानात त्याच कंपनीचा माणूस आला. दारात मंडप, फुकट सॉसेज, टोप्या आणि टेबलावर नव्या दुर्बिणी मांडलेल्या. निम्मं गाव तिथे होतं. माणूस तरुण, कडक इस्त्रीचा शर्ट, प्रेस्टन नाव. इल्मा आयनोला घेऊन थेट टेबलाशी गेली आणि दोघांच्या बिघडलेल्या दुर्बिणी त्याच्या नव्या मालावर ठेवल्या.

"इल्मा, आज नको," गॉर्डन दबक्या आवाजात म्हणाला. "आत ये, आत बोलू."

"आत मी वर्षभर बोलले. आता बाहेर."

आणि ती बोलली. हिरवं रक्त, दलदल, दोनदा उठलेलं जनावर, सगळं. मोठ्याने नाही. ट्रकवर रेडिओवरून रस्त्याची खबर द्यावी तसं. सॉसेज खाणारे थांबले. आमच्याकडे दुकानात पैसे बुडाले तर लोक हसतात, पण जखमी जनावर हरवल्याच्या गोष्टीला कुणी हसत नाही.

प्रेस्टन लाल झाला. "मॅडम, मला खरंच वाईट वाटतं. हे बघा, तुम्हा दोघांना मी आत्ताच्या आत्ता नव्या देतो. या टेबलावरच्या. फुकट." त्याने दोन खोकी पुढे सरकवली, वर दोन टोप्या ठेवल्या.

"हिने घेऊन विषय मिटवला तर बाकी घेतलेल्यांना कधी कळायचं?" मागून कुणीतरी म्हणालं.

आयनोने टोपी उचलली, उलटसुलट करून पाहिली आणि परत ठेवली. "मला दुर्बीण नको, पोरा," तो म्हणाला. "माझे दोन नोव्हेंबर दे."

प्रेस्टनने खोकी मागे ओढली. असल्या गोष्टी त्याच्या हातातल्या नव्हत्या, हे मी त्याच्या बाजूने सांगतो. पण इल्माला त्याची दया आली नाही. ती गॉर्डनकडे वळली.

"किती जणांना विकल्यास?"

"इल्मा, मला काय माहीत होतं? खोक्यावर लिहिलं होतं ते मी..."

"आता माहीत झालं ना? पंधरा तारखेच्या आधी प्रत्येकाच्या दारात जा. सांग त्यांना."

"आणि माझ्या दुकानाचं नाव?"

"ते त्या दलदलीत आहे. आण शोधून."

कॅरल दारात उभी राहून रडत होती. मंडप दुपारच्या आतच उतरला.

कंपनीने शेवटपर्यंत काही कबूल केलं नाही. गॉर्डन मात्र गेला. चडफडत, मेव्हणीला शिव्या घालत, पण घरोघर गेला. काहींनी त्याच्या तोंडावर दार लावलं. काही म्हणाले, आमची ठीक आहे. पण लोक पुठ्ठे घेऊन खाणीत यायला लागले आणि सप्टेंबरभर तिथून शिव्यांचे आणि गोळ्यांचे आवाज येत राहिले. त्याने उरलेला माल परत पाठवला आणि डोलोरेसच्या कंपनीचा ठेवायला लागला. आयनोला त्याने त्यातलीच एक स्वतः बसवून दिली. इल्माशी तो नाताळपर्यंत बोलला नाही, आणि तिनेही बोलायची घाई केली नाही.

त्या नोव्हेंबरात इल्माला हरणाच्या शेपटीचं टोकसुद्धा दिसलं नाही. रोज गारठून, शिव्या देत परत यायची. आयनोने चौथ्या दिवशी एक तरुण नर पाडला, एका गोळीत, जागच्या जागी. त्याने अर्ध्याहून जास्त मांस कागदात बांधून इल्माच्या स्वयंपाकघरात आणून ठेवलं.

इल्माने एक पुडकं उघडून नाक मुरडलं. "बरगड्याच का दिल्यास? पाठीचा तुकडा स्वतःला ठेवलास वाटतं?"

"ठेवला तर," आयनो म्हणाला. "दोन वर्षं उपाशी होतो मी."

"बस मग," ती म्हणाली, आणि तवा चुलीवर आदळला.