ओट्यावरचा पहिलीचा वर्ग

मी बोलते आणि सून लिहून घेते. मधे मधे विचारते, आई, हे असंच लिहू का? मी म्हणते, असंच लिही. मला लिहायला येतं थोडं, पण हात कापतो, आणि एक ओळ होईपर्यंत पुढचं डोक्यातून जातं.

माझं माहेर मांजरीकडचं. शाळेत गेले दुसरीपर्यंत. मग पाठचं भावंड झालं आणि त्याला सांभाळायला मी घरी राहिले. आई उसाच्या रानात खुरपायला जायची, दुसरं कोण होतं घरात. पाटीवर गिरवलेली अक्षरं होती, ती पण हळूहळू पुसली गेली. लग्न होऊन इकडं विश्रांतवाडीला आले. थोरली लेक झाली, मग मुलगा. लेक तिसरीत असताना त्यांचे वडील बांधकामावरून पडले आणि गेले. त्याचं मी फार सांगत नाही. धुणीभांडी धरली आणि पोरं वाढवली.

लेकीला मी कामावर बरोबर न्यायचे. ती लोकांच्या मागच्या पायरीवर बसून वाचत बसायची. एका घरच्या बाई एकदा म्हणाल्या, "तुमच्या राणीसाहेबांना भांड्याला हात लावायची बंदी आहे वाटतं."

मी म्हणलं, "बाई, तिला घासायला लागू नयेत म्हणून तर मी घासते."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या मुलाची जुनी पुस्तकं मात्र पायरीवर ठेवलेली होती. तोंड खवट होतं त्यांचं, मन नव्हतं.

लेक शिकली. डी.एड. झाली आणि येरवड्याला महापालिकेच्या शाळेत लागली. पहिलीचा वर्ग घेतला तो कधी सोडलाच नाही. बाकीच्या बायका वरचे वर्ग मागून घ्यायच्या, कारण पहिलीतली पोरं रडतात, चड्डीत शी करतात, पेन्सिल खातात. ही म्हणायची, शाळा आवडायची का नाही ते पोर पहिलीतच ठरवतं, मग तिथं मी नको का? वस्तीतली पोरं रस्त्यात दिसली की हिच्या पदराला धरून चालायची. त्यातल्या काहींची पुढं लग्नं झाली, तरी हिला बघून पायातली चप्पल काढायची.

तिनं लग्न नाही केलं. स्थळं आली होती. एकदा बघायला आलेल्या माणसांना तिनंच विचारलं, लग्नानंतर माझी आई माझ्याजवळ राहिली तर चालेल का? ती माणसं एकमेकांकडं बघायला लागली. हिनं पोह्यांच्या बशा उचलल्या आणि आत आली. मी आत रडत होते. मला म्हणाली, आई, पोहे उरलेत, तू खा. विषय तिथंच संपला.

मग कोरोना आला, शाळा बंद झाल्या. मोबाइलवर व्हिडिओ काढून पोरांना पाठवा म्हणून सांगितलं. हिनं ओट्यावर चहाच्या डब्याला मोबाइल टेकवून उभा केला, समोर उभी राहिली, आणि गप्प. तोंडातून शब्द निघेना. इतकी वर्षं शिकवत होती, पण समोर पोर नसलं की तिला बोलताच येईना. दोनदा तीनदा करून बघितलं. शेवटी मला म्हणाली, "आई, तू बस समोर. तू माझी पहिलीची मुलगी."

मी म्हणलं, "दात पडलेले पहिलीतच असतात, त्यामुळं शोभेल."

ती हसली, आणि तिथनं तो वर्ग सुरू झाला. रोज सकाळी कुकर लावून झाला की मी स्टुलावर बसायची. आवाज नीट यावा म्हणून पंखा बंद. घामानं दोघी भिजून जायचो. ती एक एक पुठ्ठ्याचं कार्ड दाखवायची, वर चित्र आणि खाली अक्षरं. मी वाचायचं. मी चुकले की ती मला समजावून सांगायची, म्हणजे ते तिकडं पोरांना पण कळायचं.

एकदा घागरीचं कार्ड होतं. मी चित्र बघितलं आणि म्हणलं, कळशी.

"आई, चित्र बघू नको. अक्षर बघ."

"अगं पण ही कळशीच हाय. घागरीचं पोट एवढंसं असतं होय? मी जन्मभर पाणी भरलंय."

तिला हसू आवरेना. ते तसंच पाठवलं तिनं पोरांना. दुसऱ्या दिवशी कोणाच्या तरी वडिलांचा निरोप आला, की आमची मुलगी विचारते, कळशीवाली आजी उद्या आहे का?

मधेच कुकरची शिट्टी व्हायची. तर ती शिकवणं थांबवायची नाही. म्हणायची, मोजा रे पोरांनो, कितवी झाली? घराघरात पोरं शिट्ट्या मोजायची. तिसरी झाली की मी उठून गॅस बंद करायची, तेवढंच काम मला बरोबर जमायचं. असूदे, आई, परत बघ, असं ती मला म्हणायची. दिवसातनं किती वेळा म्हणायची देव जाणे. आवाज चढवून कधी नाही.

दिवाळीच्या आसपास मी दारात उभी होते. आळंदी रस्त्यावरनं बस चालली होती. मी मोठ्यानं वाचलं, आळंदी. तोपर्यंत मी बस रंगावरनं नाही तर कोणाला तरी विचारून ओळखायची. लेक मागं उभी होती. आत जाऊन तिनं शिरा केला.

दुसरी लाट आली त्यात तिला ताप भरला. कुठनं आला कोण सांगणार. दवाखान्यात नेलं, तिथं आत कोणाला सोडत नव्हते. फोनवर बोलायची, दम लागायचा. भावाला तिनं एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगितली. तिच्या वर्गात एक मुलगी होती. बाप टेंपो चालवायचा, घरात मोबाइल एकच, तो बापाबरोबर जायचा. संध्याकाळी बाप आला तर पोरीचा अभ्यास, नाही तर नाही. लेक म्हणाली, "माझं काही झालं तर माझा मोबाइल तिला दे. पोर हुशार आहे, शाळा सुटायला नको." मुलगा म्हणाला, ताई, असलं बोलू नको. ती म्हणाली, बोलले नाही तर तुला कसं कळेल?

मग त्याला म्हणाली, आईला फोन दे. मला म्हणाली, "आई, वाचतेस ना?"

मी हो म्हणलं. त्याच्यापुढं बोलणं झालं नाही.

तोंड बघायला मिळालं नाही. गाडीतनं परस्पर नेलं. एका पिशवीत तिचं घड्याळ, कानातले आणि मोबाइल आला.

मोबाइलला कुलूप होतं, ते कोणाला उघडता येईना. मुलगा तो दुकानात घेऊन गेला. दुकानदारानं सगळं पुसून नव्यासारखा करून दिला. माणूस गेलं की त्याचे कपडे, भांडी देऊन टाकतात, घरात ठेवत नाहीत. आम्ही तेराव्याला तिच्या साड्या दिल्या आणि मोबाइल त्या मुलीला दिला. तिची आई घ्यायला तयार नव्हती. मुलगा म्हणाला, घ्या वहिनी, ताईनं सांगून ठेवलंय. लेकीची शेवटची इच्छा पार पाडली म्हणून आम्हाला जरा बरं वाटलं. आमच्या घरात कोणी शिकत असेल तर त्याच्या आड यायचं नाही, एवढं एकच वळण होतं. त्यामुळं कोणाच्या मनात दुसरं काही आलंच नाही.

पावसाळा गेला. पितृपक्षात तिचं पान वाढलं, आणि त्या दिवशी मला वाटलं, हिचा आवाज ऐकावा. मी मुलाला म्हणलं, ते कळशीचं लाव रे.

त्यानं घास तसाच ताटात ठेवला.

"आई, ते ताईच्या मोबाइलमध्ये होतं."

"मग?"

तो ताटावरनं उठला. मग मला उमजलं. आमच्याकडं तिचे फोटो होते, भावाच्या लग्नातले, शाळेच्या समारंभातले. आवाज कोणाकडंच नव्हता. एका घरात राहणाऱ्यांना कोण कशाला पाठवतंय आवाज. हाक मारली की ऐकू यायचं.

मी मुलाला घेऊन त्या दुकानात गेले. विचारलं, पुसलेलं परत येतं का? दुकानदार मान वर न करता म्हणाला, "आजी, भांडं घासल्यावर कालची आमटी मागितली तर मिळते का?"

मी म्हणलं, "नाही मिळत. मी घासलीत भांडी, मला ठाऊक हाय. माझ्या लेकीचा आवाज होता त्यात, म्हणून विचारलं."

त्यानं वर बघितलं. उठला, मला त्याची खुर्ची दिली, कुठं कुठं फोन लावून विचारलं. नाहीच होत म्हणाला.

मग आम्ही वस्तीत गेलो, वर्गातल्या पोरांच्या घरी. सगळ्यांनी बसवलं, चहा केला. पण गरिबाच्या मोबाइलात जागा कुठं असते? शिकून झालं की व्हिडिओ पुसून टाकायचे, दुसऱ्या दिवशीच्या धड्याला जागा व्हावी म्हणून. त्यांचं काय चुकलं? एका घरी मात्र एक सापडला. म्हणजे त्या घरी तो कधी उघडलाच नव्हता. चौकोन दिसत होता, धुरकट. त्यात हिरवं काहीतरी होतं, ती माझी साडी. बाजूला उभा पट्टा, ती लेक असणार. मुलानं त्याच्यावर बोट दाबलं. खाली अक्षरं आली. तो पटकन मोबाइल फिरवायला लागला. मी म्हणलं, थांब, मी वाचते.

बोट ठेवून वाचलं. वेळ लागला. पाठवणाऱ्याला पुन्हा पाठवायला सांगा, असं होतं ते.

लेकीनं मला वाचायला शिकवलं, आणि मी बसून हे वाचलं.

मुलगा तिथंच भिंतीला टेकून रडला. मी नाही रडले. त्या घरच्या बाईनं केलेला चहा निवत होता, तो घेतला.

आम्ही शोधत फिरतोय हे त्या टेंपोवाल्याच्या घरी कळलं. रविवारी मायलेकी मोबाइल घेऊन आल्या. तिची आई म्हणाली, "मावशी, हा ठेवा तुमच्याकडं. ह्यांच्या मोबाइलातलं पण पुसलं गेलंय. आम्हाला माहीत असतं तर घेतलाच नसता." मी हातात घेतला. मागचं झाकण तेच होतं, लेकीनं चिकटवलेलं फूल अर्धं निघालेलं. आतमध्ये त्या पोरीचा अभ्यास होता. मी परत दिला. म्हणलं, पोर शिकतीये ना त्याच्यावर? मग झालं.

पोरगी माझ्याकडं टक लावून बघत होती. म्हणाली, "तुम्ही कळशीवाल्या आजी ना?"

हो म्हणलं. तर ती हसली आणि हुबेहूब मान वाकडी करून म्हणाली, "असूदे, आई. परत बघ."

तिला मी पुन्हा म्हणायला लावलं. तिनं म्हणलं. शब्द तेच होते. मान तशीच. पण आवाज पोरीचा होता, तिचा तिचा, आणि तो तसाच असायला पाहिजे. मी तिला लाडू दिला आणि दारापर्यंत सोडायला गेले.

आता ती वरच्या वर्गात गेलीये. सणासुदीला येते, मला पुस्तकातलं वाचून दाखवते. मी पण थोडं वाचते रोज, पेपरातली मोठी अक्षरं. हो म्हणून बसलेय लेकीला. लोक म्हणतात, आठवणी असतात ना. असतात. पण तोंडवळा राहतो आणि आवाज आधी जातो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. ती काय बोलायची ते सगळं मला ठाऊक आहे. कशी बोलायची ते जातंय.

सकाळी कुकर मीच लावते, सुनेला हात लावू देत नाही. पंखा बंद करते. चहाचा डबा ओट्यावर तिथंच आहे, त्याला टेकून काही उभं नसतं. आधी ती मोजून घ्यायची आणि मी उठायची. आता मोजायचं पण मलाच आणि उठायचं पण मलाच. मोठ्यानं मोजते. मोजताना थांबून बघते, कानात तिचं येतंय का. एखाद्या दिवशी येतं. बरेच दिवस नुसती वाफ येते, आणि मी गॅस बंद करते.