आधी घरी सांगायचं, मग सही

बुधवारी सकाळी सहा वाजून चाळीस मिनिटांनी, बहारीनच्या जुफैर भागातल्या एका खाजगी दवाखान्यात, नसीमाने चौथ्या रुग्णाच्या दंडाला पट्टा बांधला आणि सुई घातली. रक्त आलं नाही. सतरा वर्षांच्या नोकरीत तिच्याकडून शीर चुकते ती महिन्यातून एखादवेळी. आज ही दुसरी होती. तिने माफी मागितली आणि दुसरा हात पुढे करायला सांगितलं. रुग्णाने हात दिला, पण मान दुसरीकडे फिरवून.

त्याच्या दहा मिनिटं आधी खेडहून दत्तारामचा व्हॉइस मेसेज आला होता. "ताई, आतिकाच्या अर्जावरची तुमची सही मिळाली. आजच पेढे पाठवतोय तौकीरसाहेबांच्या गावच्या घरी. त्यांच्या आई असतात ना तिथं? तीन वाजेपर्यंत पोचतील."

भारतातले तीन म्हणजे बहारीनमध्ये साडेबारा. आतिका तौकीरची मुलगी. तिने पुण्याच्या कॉलेजसाठी अर्ज केलाय हे तौकीरला माहीतच नव्हतं. ते त्याला सांगणं हे नसीमाचं काम होतं, आणि ते न करताच तिने रविवारी सही करून पाठवली होती.

दत्ताराम ज्या निधीचा कारकून आहे तो एकशे दहा वर्षांपूर्वीचा. मसूदाबी दळवी नावाच्या बाईने तो १९१३ साली सुरू केला. तिच्या नवऱ्याचा लाकडाचा व्यापार; कोकणातून भरलेली गलबतं बहारीनमधल्या मुहर्रकच्या किनाऱ्याला लागायची आणि त्या लाकडाच्या होड्या व्हायच्या. मसूदाबीला लिहिता येत नव्हतं. तिची मुलगी झोहरा हुशार निघाली, म्हणून मामाने झोहराच्या सासरी न कळवता तिला मुंबईत मुलींच्या वसतिगृहात नेऊन ठेवलं. सासरच्यांना पत्ता लागायला पंधरा दिवस लागले. ते आले आणि तिला फाटकातूनच टांग्यात घालून घेऊन गेले. पुन्हा तिच्या हाती पुस्तक आलं नाही. नवरा वारल्यावर मसूदाबीने दोन वखारी निधीला दिल्या, मुलींनी कॉलेजात जावं म्हणून, आणि कागदावर अंगठा उठवण्याआधी एक अट घातली. अर्जावर बापाची सही नको, आधी शिकून आलेल्या बाईची हवी. मात्र त्या बाईने मुलीच्या घरी स्वतः जायचं, घरच्या कर्त्याला समोरासमोर सांगायचं, आणि मगच सही करायची. परवानगी मागायची नाही. लपवायचंही नाही.

म्हणून सही मिळाली की निधीचा माणूस मुलीच्या घरी पेढे घेऊन जातो. सही आली म्हणजे घरी कळलेलं आहे, असंच तिथे धरून चालतात.

नसीमा स्वतः याच निधीवर शिकली. तिच्यासाठी सही करायला गोदाबाई नावाच्या निवृत्त शिक्षिका एसटीने आल्या होत्या. नसीमाच्या आजोबांसमोर त्या ताठ बसून बोलल्या, आणि नंतर परसात तिला म्हणाल्या, "भीती जाते असं कुणी सांगितलं तर ऐकू नकोस. मला केव्हाची लघवीला लागली होती."

साडेआठला रुग्णांची गर्दी ओसरली तेव्हा नसीमाने जिन्यात जाऊन दत्तारामला फोन लावला आणि खरं ते सांगितलं. 

"ताई, माणूस मोटारसायकलवरून गेला. आधी दोन गावं आहेत, फोन उचलत नाही तो."

"सही रद्द करा मग."

"रद्द केली तर अर्जच गेला. आज शेवटचा दिवस. असं करा, इथल्या पाचच्या आत नवी सही पाठवा. तारीख घाला, वेळ घाला. पण या खेपेला घरी जाऊन. नाहीतर मला ती घेता येणार नाही."

मग तिने नजीबला फोन केला. नजीब तिचा नवरा. एअरकंडिशनर बसवणाऱ्या कंपनीत कामाला आहे, आणि तिथे त्याचा सुपरवायझर तौकीर. नजीबला बहारीनला आणलं तौकीरने. नजीबचा व्हिसा दोन आठवड्यांत संपतो, आणि नूतनीकरणाच्या यादीत कोणाचं नाव घालायचं हे तौकीर ठरवतो. तो व्हिसा गेला तर चार जणांच्या घराचं भाडं आणि दोन शाळा नसीमाच्या एकटीच्या पगारावर निघणार नाहीत.

"सही करायच्या आधी मला विचारलं असतंस तर?" नजीब म्हणाला. मागे ड्रिल चालू होतं.

"तर तू नको म्हणाला असतास."

"म्हणून तर विचारायचं असतं, नसीम."

 ड्रिल थांबलं. "उन्हाळ्याचं बाराला बाहेरचं काम बंद होतं," तो म्हणाला. "तो घरी जेवायला जातो. चारपर्यंत तिथंच असतो. मी सांगितलं असं म्हणू नकोस."

ती अर्ध्या दिवसाची रजा टाकून निघाली. तौकीरच्या घरी, जिदहफ्सला पोचायला टॅक्सीला पंचवीस मिनिटं लागली. मांडीवरच्या पर्समध्ये कोरा फॉर्म होता.  दोनदा तिच्या मनात आलं, ड्रायव्हरला सांगावं, अरादला घ्या, घरी.

दार आतिकाने उघडलं. अठरा वर्षांची मुलगी, ओठ पांढरे पडलेले. "चाची, बाबा डझन्ट नो," ती कुजबुजली.

आतून तौकीरचा आवाज आला. "कोण, भाभी? भरदुपारी? रक्त घ्यायला आलात की काय? जेवून होऊ द्या, उपाशीपोटी माझ्यात काही निघायचं नाही."

ती बसली. दिलेला पाण्याचा ग्लास तिने हातात घेतला. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून सतरा मिनिटं झाली होती.

"तौकीरभाई, आतिकाला पुण्याच्या कॉलेजात फिजिक्सला प्रवेश मिळतोय. मसूदाबीच्या निधीला तिने अर्ज केलाय. त्यावर आधी शिकलेल्या बाईची सही लागते. ती माझी आहे. ते सांगायला आले."

तौकीरने घास ताटात परत ठेवला. "आहे? की करणार आहात?"

करणार आहे, एवढंच म्हणायचं होतं. पुढचं सगळं सोपं झालं असतं.

"रविवारीच केली. चुकलं माझं. आधी इथं यायला हवं होतं. मी भ्याले."

"कुणाला?"

"तुम्हाला. नजीबचा व्हिसा तुमच्या हातात आहे."

तौकीर आतिकाकडे वळला, मग स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या बायकोकडे. बायकोने नजर खाली घातली. "म्हणजे माझ्या मुलीचं मी सोडून सगळ्यांना माहीत." आवाज चढला नव्हता, आणि नसीमाला त्याचीच जास्त धास्ती वाटली. "इथं काय कमी आहे? डोळ्यासमोर राहील. तिथं रात्री-बेरात्री काही झालं तर मी कुठून पोचू? विमानाचं तिकीट काढून?"

नसीमाने पाण्याचा ग्लास खाली ठेवला. 

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर मी ऐकून घेईन. ती सही रद्द समजा. नवी मी आज करणार. नियमात तुमचं हो लागत नाही, तौकीरभाई. तुम्हाला कळलेलं असावं लागतं." 

बारा चौतीसला त्याचा फोन वाजला. आईचा. हात खरकटा होता म्हणून त्याने करंगळीने स्पीकर लावला.

"तौकीर, निधीचा माणूस पेढे घेऊन आलाय. आतिका पुण्याला जातेय म्हणतो. तुला ठाव हाय ना?"

 आतिकाने दाराची चौकट धरली होती. तौकीर नसीमाकडे रोखून बघत राहिला.

"हो आई. माहीत आहे."

"कोणी सांगितलंन? मला कशी खबर नाही?"

"नसीमाभाभी घरी येऊन सांगून गेल्या. ठेवतो, जेवतोय."

त्याने फोन बंद केला आणि ताट बाजूला सारलं. "आईसमोर मी येडा ठरायला नको म्हणून बोललो. तुमच्यासाठी नाही. मी तिला जा म्हटलेलं नाही, हे ध्यानात ठेवा."

"ठेवते."

"आतिका, आत जा."

"बाबा..."

"आत जा म्हणतो ना."

नसीमा उठली. नजीबच्या यादीचं तिने विचारलं नाही.  दारापर्यंत आल्यावर मागून तौकीर म्हणाला, "नजीबच्या कागदांचं नंतर बघू." तो कोणत्या अर्थाने म्हणाला हे कळण्याजोगं त्याच्या चेहऱ्यावर काही नव्हतं.

बाहेर जिन्याजवळच्या चपलांच्या कपाटावर फॉर्म ठेवून तिने सही केली. खाली तारीख घातली, वेळ घातली, दुपारी बारा एकेचाळीस. पहिला फोटो हलला. दुसऱ्या वेळी तिने कोपर कपाटावर टेकवून काढला आणि पाठवला. दोन मिनिटांनी दत्तारामचं उत्तर आलं. "मिळाली. अर्ज दाखल केला."

टॅक्सीत बसल्यावर नजीबचा फोन आला.

"झालं?"

"झालं. अर्ज गेला."

"आणि माझं?"

"नंतर बघू म्हणाला."

"हसून की तसंच?"

"तसंच."

 संध्याकाळी येताना दूध आणतो, नजीब म्हणाला, आणि फोन ठेवला. नसीमाने पर्स मांडीवर घट्ट धरली. अरादपर्यंत तिची पकड सैल झाली नाही.

उद्या गुरुवार, कामाचा दिवस. कामाच्या दिवशी कंपनीची व्हॅन पहाटे पाच वाजून दहा मिनिटांनी नजीबला न्यायला अरादमधल्या त्यांच्या इमारतीखाली येऊन थांबते, आणि ती तौकीर चालवतो.