वृंदाक्कांचा आचारी

गाणगापुरात बारा वाजता घरोघर जेवण तयार असावं लागतं. त्या घटकेला दत्त महाराज गावात भिक्षेला फिरतात असं गाव मानतं. कुठल्या रूपात येतील सांगता येत नाही, म्हणून झोळी घेऊन दारात उभ्या राहिलेल्या कुणालाच परत पाठवत नाहीत. वृंदाच्या लॉजवर तर दारातले वेगळे आणि पंगतीला बसणारे पुण्या-सोलापूरकडचे भक्त वेगळे. घरातल्या देवाचा नैवेद्य वृंदा आतल्या चुलीवर स्वतः करायची. बाकीचा सगळा स्वयंपाक बावीस वर्षं रामकिशन करत होता.

करजगीहून आला तेव्हा तो अठ्ठावीस वर्षांचा होता. लग्नाच्या पंगती उठवण्याचा अनुभव होता आणि तोंडात सतत काहीतरी गुणगुणणं. पहाटे चारला भट्टी पेटवायचा. दोनशे माणसांची डाळ नजरेनं मोजायचा. त्याची बायको सोजराबाई मागच्या अंगणात भांडी घासायची आणि दोघं भांड्यांच्या आवाजावरून एकमेकांशी भांडायची. वृंदाला त्या दोघांची इतकी सवय झाली होती की ती दोघं दिवाळीला चार दिवस गावी गेली, तर घर मुकं झाल्यासारखं वाटायचं.

मग रामकिशन प्यायला लागला. म्हणजे वृंदा असंच सांगायची, 'मग प्यायला लागला', जणू एखाद्या सोमवारी ते सुरू झालं होतं. आधी पौर्णिमेच्या गर्दीनंतर, मग गुरुवारनंतर, मग रोज. शेवटच्या दोन वर्षांत सकाळी गोठ्यामागं जाऊन दारूचं एक पाकीट रिकामं केल्याशिवाय त्याच्या हातात झारा स्थिर राहत नव्हता. ते पोटात गेलं की मात्र हात असे चालत, की बघणाऱ्याला संशय यायचा नाही. वृंदाला वास यायचा. बारा वाजता जेवण तयार असायचं, म्हणून ती काही बोलायची नाही.

तीनदा त्याला माळ घातली होती. पादुकांसमोर शपथ, गळ्यात तुळशीची माळ आणि जयतीर्थांचं, म्हणजे वृंदाच्या नवऱ्याचं, नोकरांच्या अण्णांचं, अर्ध्या तासाचं बोलणं. पहिली माळ दीड महिना टिकली, दुसरी आठ दिवस, तिसरी घराकडं जाताना रस्त्यातच निघाली. चौथीचा विषय निघाला तेव्हा रामकिशन हसून म्हणाला होता, "अक्का, देवाला बी कंटाळा आला आसंल. त्येला इचारून बघा."

पण चौथी वेळ वेगळी होती. एका सकाळी त्यानं गॅसची चावी उघडी ठेवून काडी शोधायला पाच मिनिटं लावली. भडका उडाला. त्याच्या भुवया गेल्या आणि चहा घ्यायला आलेल्या सोजराबाईच्या पदराचं टोक जळालं. भाजलं कुणालाच नाही. त्या संध्याकाळी वृंदानं दोघांना समोर बसवलं आणि सांगितलं की आता माळ नाही, शपथ नाही. तो लॉजच्या बाहेर पडणार नाही. रिक्षावाल्यांना, पानटपरीवाल्याला सगळ्यांना सांगून ठेवलंय. एक थेंबही मिळणार नाही. आठ दिवस कळ काढायची, नाहीतर काम सोडायचं.

रामकिशन मान खाली घालून "व्हय" म्हणाला. तो रविवार होता.

पहिला दिवस बरा गेला. मंगळवारी त्याला घाम सुटला, अन्न ठरेना, हात असे थरथरायला लागले की चहाची कपबशी वाजायची. वृंदानं त्याला स्वयंपाकघरातून उठवलं, स्वतः पदर खोचला, मदतीला शेजारची बाई बोलावली. तिला आतून थोडं समाधानच वाटत होतं. विष बाहेर पडतंय, असं ती जयतीर्थांना म्हणाली.

बुधवारी तो ताटातला भात बोटांनी निवडायला लागला. मुंग्या आहेत म्हणाला. भातात मुंग्या नव्हत्या. दुपारी तो विहिरीकडं तोंड करून कुणाला तरी उत्तरं देत होता, "आलो, आलो," असं म्हणत होता आणि जागचा हलत नव्हता. डोळे लाल, नजर कुणावरच ठरत नव्हती.

ही नजर वृंदाच्या ओळखीची होती. तिच्या लॉजमध्ये अंगणाच्या टोकाला एक खोली होती. भिंतीत खिळा नाही, छताला पंख्याचा आकडा नाही, कडी बाहेरून. ज्यांच्या घरातल्या माणसाला बाहेरची बाधा झालीय असं म्हणतात, ती कुटुंबं अकरा दिवस, एकवीस दिवस तिथं राहायची, रोज माणसाला आरतीला उभं करायची. वृंदा त्यांच्याशी कधी वाईट वागली नाही. त्यांना भात मऊ द्यायची, काचेचा पेला द्यायची नाही, रात्रीचं ओरडणं ऐकून न ऐकल्यासारखं करायची. तीस वर्षांत तिला इतकं कळायला लागलं होतं, की माणूस रिक्षातून उतरतानाच ती मनात म्हणायची, हा पंधरा दिवसांचा, ही दोन महिन्यांची. लोक फोन करून तिचा सल्ला घ्यायचे.

म्हणून तिनं रामकिशनला त्या खोलीत नेलं. तिला वाटलं, दारू सुटताना काहीतरी दुसरंच अंगात शिरलंय. जयतीर्थांनाही तसंच वाटलं. वरच्या मजल्यावरच्या एका सोलापूरच्या बाईंनी जिन्यातूनच सांगितलं, उद्या गुरुवार आहे, आरतीला धरून उभा करा, सुटेल.

सोजराबाई भांडी टाकून आली. तिच्या हातांना राख होती.

"अक्का, त्येला थोडी द्या," ती म्हणाली. "कपभर. मी आणते कुठूनबी. माझा भाऊ असाच करायलता. त्येची बंद केली, अन् तिसऱ्या दिवशी गेला."

वृंदाला राग आला. "तूच असं म्हणालीस तर त्याची सुटायची कशी? चार दिवस कळ काढ."

"बावीस वर्सं कळच काढायलेय मी. मला नका शिकवू ते."

"मग अजून एक दिवस काढ."

सोजराबाईनं जयतीर्थांकडं पाहिलं. ते पंचांग उघडून बसले होते. ती म्हणाली, मग दवाखान्यात तरी नेऊ या. वृंदानं तिला समजावलं, की दवाखान्यात हे कळत नाही, सुया टोचतील आणि गुंगीत ठेवतील, उद्याची आरती होऊ दे, मग बघू. लॉजची मालकीण असं म्हणाली म्हटल्यावर भांडी घासणाऱ्या बाईला पुढं बोलायला जागा नव्हती. ती खोलीच्या दाराशी बसून राहिली. वृंदानं कडी बाहेरून लावली. हात ते आपोआपच करत होते.

गुरुवारी सकाळी दहाच्या सुमाराला आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. सोजराबाई इतक्या जोरानं ओरडली की पाट-पाणी करणारे सगळे बाहेर आले. रामकिशन जमिनीवर होता. अंग ताठ, तोंडाला फेस, एक पाय सारखा भिंतीवर आपटत होता. वृंदानं फेफरं आलेली माणसं पाहिली होती, पण त्याचा चेहरा निळा पडत चालला होता. तिनं जीप बोलावली. कुणीतरी म्हणालं, आधी आरती तरी. तिनं ऐकलंच नाही.

कलबुर्गीपर्यंतच्या रस्त्यात त्याला आणखी दोनदा झटके आले. सोजराबाईनं त्याचं डोकं मांडीवर धरलं होतं आणि वृंदा समोर बसून त्याचे पाय धरत होती. त्या दिवशी बारा वाजता लॉजवर काय झालं, कोण दारात आलं, वृंदाला माहीत नाही आणि तिनं नंतरही विचारलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टर पस्तिशीच्या, थकलेल्या बाई होत्या. आधी कानडीत बोलल्या, मग सोजराबाईकडं बघून मराठीत. त्यांनी रामकिशनला आत नेलं आणि बऱ्याच वेळानं बाहेर येऊन विचारलं, "दारू बंद कुणी केली?"

"मी," वृंदा म्हणाली. तोपर्यंतही तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "चार दिवस थेंब दिला नाही."

"एकदम?"

"एकदमच."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. "इतक्या वर्षांची अशी घरी तोडायची नसते, बाई. माणूस दगावतो. हात कापायला लागले तेव्हाच इकडं आणायचं होतं. आम्ही औषधं देऊन उतरवतो. आज दुपारपर्यंत थांबला असतात तर हा हाती लागला नसता." मग त्यांनी विचारलं, किती वर्षं पितोय.

वृंदा आठवायला लागली. तिच्या आधी सोजराबाई बोलली. "अण्णांनी पयल्यांदा दिली तवापासून. अठरा वर्सं."

ती दत्तजयंती वृंदाला नीट आठवत होती. गर्दी तीन दिवस हटत नव्हती. रामकिशन सलग चाळीस तास भट्टीसमोर उभा होता, कंबर धरून बसला होता आणि उठता उठेना. जयतीर्थांनी गाडीवाल्याकडून एक पाकीट मागवून त्याला दिलं. अंगदुखीवर असतं म्हणाले. पाच मिनिटांत तो उठला आणि आणखी शंभर माणसं जेवून गेली. पुढच्या जत्रेला त्यानं न मागताच जयतीर्थांनी आणवून ठेवलं. त्याच्या पुढच्यालाही. वृंदानं ते बघितलं होतं. तिनं तेव्हा फक्त एवढंच सांगितलं होतं, की देवघरासमोरून नेऊ नका.

ती बाकावर बसली. तिला खोलीतली माणसं आठवायला लागली, त्यांच्या थरथरत्या हातांसकट. बार्शीकडचा एक मास्तर होता. तिसऱ्या दिवशी शांत झाला होता, आणि घरचे म्हणाले होते, सुटला बिचारा. तिनं त्याच्या बायकोला स्वतः चहा करून दिला होता. त्याला दारूचा नाद होता का, हे तिनं विचारलंच नव्हतं. कुणालाच विचारलं नव्हतं.

रामकिशन वाचला. बारा दिवसांनी घरी आला तेव्हा त्याचे गाल बसले होते आणि तो हळू, प्रत्येक पायरी बघून चालत होता. गोळ्या होत्या, दर महिन्याला दाखवायला जायचं होतं. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की मध्ये एखादवेळी पुन्हा पिईल, तेव्हा ओरडू नका आणि काही लपवू नका, घेऊन या.

दुसऱ्या दिवशी सोजराबाई एकटीच आली. भांड्यांकडं गेली नाही. स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उभी राहिली.

"त्यो कामाला येतो म्हणतोय," ती म्हणाली. "घरी बसला तर मरंल. पण चारला न्हाई, सातला येईल. पहाटंचं दुसरं माणूस बघा. जत्रंला बी रात्र काढणार न्हाई. महिन्याला एक दिवस कलबुर्गी. आन् पिऊन आला, तर मला फोन लावा. खोलीत घालू नका."

वृंदा काही बोलायच्या आत जयतीर्थ बाहेरून म्हणाले, हे देवाचं गाव आहे. प्यालेला माणूस अन्नाला हात लावणार, हे कसं चालेल?

"मंग तवा कामून दिलात, अण्णा?" सोजराबाईनं आवाज चढवला नाही. "तवा बी देव हितंच हुता."

जयतीर्थ आत निघून गेले. वृंदा म्हणाली, "सातला येऊ दे." तिला आणखी काही सांगायचं होतं. माझं चुकलं, असं काहीतरी. पण सोजराबाई त्यासाठी थांबली नव्हती. ती अंगणात जाऊन भांड्यांना लागली होती. त्या दिवसापासून पहाटे चारला भट्टी वृंदा पेटवायची. माणूस मिळाला नाही, आणि मिळवायला तिनं फारशी खटपटही केली नाही.

पाच आठवडे बरे गेले. सहाव्यात, पौर्णिमेच्या सकाळी, रामकिशन सातच्या ऐवजी आठला आला आणि दाराच्या बाहेरच उभा राहिला. वास वृंदापर्यंत आला. ती भात वेळायच्या बेतात होती.

"अक्का, मला घालवून द्या," तो म्हणाला.

तिनं फोन लावला. सोजराबाई म्हणाली, बसवून ठेवा, येते. वृंदानं कांद्याच्या पोत्यावरची टोपली उचलून त्याला बसायला जागा करून दिली. तो बसला, हात मांडीखाली दाबून. वरच्या मजल्यावरून कुणीतरी गरम पाणी मागत होतं. वृंदाचे पाय दुखत होते, गुडघ्यापासून खाली, आणि आज तीन पंगती होत्या.

सोजराबाई आली, नवऱ्याकडं एकदा बघितलं, शिवी दिली नाही. "गोळ्या घेतल्यात का?" एवढंच विचारलं. त्यानं मान हलवली, घेतल्या नव्हत्या, तीन दिवस. त्यांनी झोप येते म्हणून.

"साडेनवाची बस आहे," वृंदा म्हणाली. "मी येते बरोबर."

"तुमी कशाला? हितं पौर्णिमा हाय."

"डॉक्टरांना सांगायला कुणीतरी हवं, की कामावर काय झालं ते. तू स्वयंपाकघरात नसतेस, अंगणात असतेस." तिनं खोचलेला पदर सोडून हात पुसले आणि जयतीर्थांना हाक मारली. ते आले, तिघांकडं बघितलं. वृंदानं त्यांच्या हातात झारा दिला. डाळ भट्टीवर आहे, शेजारची बाई येतेय, ती पोळ्या बघेल, असं सांगितलं.

जयतीर्थ सोवळं सावरत भट्टीपाशी उभे राहिले. तीस वर्षांत ते त्या जागी कधी उभे राहिले नव्हते. वाफ तोंडावर आली तसे मागं सरले आणि पुन्हा पुढं झाले. वृंदा चपला शोधत होती. सोजराबाई नवऱ्याला दंडाला धरून उठवत होती.

"हिच्यात मीठ किती?" त्यांनी कुणाकडंही न बघता विचारलं.

"तीन मुठी," रामकिशन दारातून म्हणाला. "पर उतरवताना टाका, अण्णा. आदी टाकलात तर डाळ शिजायची न्हाई."