पुढची चाकं गार का?

मी फार बोलत नाही, हे लग्नात पाहुण्यांनी माझं कौतुक म्हणून सांगितलं होतं. त्या न बोलण्यानं मी काय करून ठेवलं ते आता ऐका. चहा तोंडात असेल तर आधी गिळून घ्या.

माझं माहेर नायगावचं, सासर उदगीरचं. लग्न झालं ते ऐन दुष्काळात. सासऱ्यांना, म्हणजे अप्पांना, मोंढ्यात धान्याची आडत. उदगीरचा जिल्हा कधी होणार आणि टँकर कधी येणार, एवढ्या दोनच विषयांवर ते बोलत. आणि तिसरा विषय माझे हे. ह्यांनी एका जुन्या मोटारीतली आसनं-बिसनं उपसून तिची शर्यतीची गाडी केली होती. हैदराबादजवळ शर्यत होती आणि अप्पांनी बजावलं होतं, "गाडी शेवटपर्यंत पळाली तर तुझं तू बघ. मधीच आडवी झाली तर सोमवारपासून आडतीवर बसायचं."

ह्यांना आडतीवर बसवायचं म्हणजे वासराला टेबलाशी जेवायला बसवायचं. मला ते बघवलं नसतं.

सराव चालायचा गावाबाहेर, एका बंद तेलगिरणीच्या आवारात. धाकटे दीर विनोदभाऊजी गाडी चालवायचे. फेऱ्या मारून गाडी फाटकाशी थांबली की हे ताप मोजायची एक सुई घेऊन धावायचे. तापलेल्या रबरात ती खुपसायची: आतल्या कडेला, मधे आणि बाहेरच्या कडेला. मधेच जास्त ताप, तर हवा जास्त झाली. बाहेरची कड गार आणि आतली गरम, तर चाक आत कललंय, ते सरळ करायचं. हे सगळं ह्यांनी मला इतकं लांबवर समजावलं! लग्नानंतर माझ्याशी एवढं सलग ते पहिल्यांदाच बोलत होते. मी त्यांच्या तोंडाकडे बघत मान हलवली. टायरकडे लक्ष कोणाचं होतं?

शिवाय माझ्याकडे वेगळंच काम होतं. सासूबाईंना मी आत्या म्हणते. आत्यांनी सांगून ठेवलं होतं की घरची गाडी जोखमीच्या कामावरून आली की चाकांवर पाणी घालायचं, नाहीतर नजर उतरत नाही. मी भीत भीत विचारलं, एवढ्या टंचाईत? तर म्हणाल्या, माणसाची अंघोळ चुकली तर चालते, चाकाचं पाणी चुकू नये.

मग मी माझीच अंघोळ अर्ध्यावर आणली. वाचलेलं पाणी मातीच्या घागरीत भरायचं, घागरीला ओलं फडकं गुंडाळायचं आणि ती गिरणीवर न्यायची. देवाधर्माचं काम, ते काय कोमट पाण्यानं करायचं?

गाडी थांबायची. सुई उन्हात तापू नये म्हणून हे ती शेडमधे ठेवायचे, ती आणायला आत पळायचे. तेवढ्यात मी डोक्यावर पदर घेऊन पुढच्या दोन्ही चाकांना बाहेरून धार धरायचे. चुर्र आवाज यायचा, वाफ निघायची. मला वाटायचं, बघा, केवढी नजर होती! हे सुई घेऊन येईपर्यंत चाकं कोरडी आणि मी बाजूला, हात जोडून.

पहिल्याच दिवशी ह्यांच्या कपाळाला आठ्या. पुढच्या चाकांची बाहेरची कड गार. म्हणजे चाकं आत कललेली. ह्यांनी ती सरळ केली. पुन्हा फेऱ्या, पुन्हा माझं पाणी, पुन्हा कड गार. मग चाकं बाहेर कलवली. तरी गार. आणखी कलवली. शेवटी त्या गाडीची पुढची चाकं वरून अशी फाकली की ती उभी आहे का बसायला निघालीय ते कळेना. वळणावर ती वळायचं नावच घेईना. भाऊजी स्टिअरिंग फिरवायचे डावीकडे, गाडी जायची सरळ, बाभळीत.

हे जेवेनात. झोपेत 'बाहेरची कड, बाहेरची कड' पुटपुटायला लागले. मी आत्यांना सांगितलं, तर त्या म्हणाल्या, नजर लई कडक हाय, पाणी वाढव. मी वाढवलं. त्या दिवसापासून माझी अंघोळ बंदच.

शर्यतीला निघायच्या आदल्या दिवशी गाडी बाभळीतून ओढून फाटकाशी आणली. हे शेडमधे गेलेच नाहीत. तिथंच दगडावर बसले आणि म्हणाले, "जाऊ दे. सोमवारी आडतीवर बसतो."

 मी अख्खी घागर उचलली आणि त्यांच्या डोळ्यांदेखत पुढच्या चाकांवर ओतली.

हे उठले. आधी वाफेकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"काय करून राहिलीस?"

"पाणी घालून राहिले. आत्यांनी सांगितलंय."

"रोज?"

"हाव. दोन्ही चाकांना सारखंच," मी म्हटलं. पक्षपात केला असं वाटायला नको.

ह्यांनी भावाकडे बघितलं. भाऊजी हेल्मेट काढत म्हणाले, "मला काय म्हाईत? मला वाटलं, तूच वहिनीला लावलंय टायर गार करायला."

हे रागावले असते तर बरं होतं. ते खाली बसून हसायला लागले. उठून त्यांनी चाकं पहिल्यासारखी केली, फेऱ्या मारायला लावल्या आणि सुई खुपसली. तिन्ही जागी ताप जवळजवळ सारखा. गाडी मुळातच बरोबर होती.

शर्यतीत ती शेवटपर्यंत पळाली. पुढं नाही आली, पण आडवी झाली नाही. अप्पांनी आडतीचा विषय मिटवला.

आणि शर्यतीच्या दिवशी ह्यांनी सगळ्यांसमोर सुई माझ्या हातात दिली, दुसऱ्या हातात आकडे लिहायची पाटी. म्हणाले, आजपासून ताप तू बघायचा. मी किती फुगले म्हणून सांगू! आईला फोन करून कळवलं, जावयांनी मला इंजिनियर केलं. नायगावभर झालं ते.

परतताना भाऊजींना म्हटलं, तुमच्या दादांनी केवढा विश्वास टाकला बघा माझ्यावर.

भाऊजी खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तसं न्हाई वहिनी. दादा म्हणाला, हिचे दोन्ही हात गुंतवून ठेवा."